अवयवदान : गळ कुणाला घालायची आणि कधी?

गेल्या खेपेला जाहिरातवाले आपलं मन कसं वळवतात यावर या सदरात लिहिलं होतं. साबणाच्या आणि सेलच्या तक्रारी येतील असं वाटलं होतं, त्या आल्याही. पण दहिवडी, म्हसवड, आटपाडी या माणदेशी पट्ट्यातल्या पत्रांनी वेगळाच धागा धरला. हेच मानसशास्त्र अवयवदानासाठी वापरता येईल का, असं एका मंडळानं विचारलं. पाठोपाठ आणखी पत्रं आली. काही वैतागलेली होती, एक तर फार दुखावलेलं. या वेळी तीच घेते. नावं गाळली आहेत, मजकूर थोडा कमी केला आहे. मी मानसशास्त्राची, त्यामुळे वैद्यकाची आणि कायद्याची बाजू लागेल तेवढीच येईल.

‘आमचं तरुण मंडळ यंदा गणपतीत अवयवदानाचा देखावा करणार आहे. फलकावर मोठ्या अक्षरांत लिहायचं ठरलंय : भारतात दहा लाखांत एकही माणूस अवयवदान करत नाही, ही आपली लाज! गेल्या वर्षी मांडवात अर्ज भरून घेतले, पन्नासेक सह्या झाल्या, पुढं काही नाही. काय लिहिलं म्हणजे लोक हलतील?’ (दहिवडीजवळचं एक गाव)

आधी तो फलक बदला. वाक्य खोटं नाही. मृत्यूनंतर अवयव देणाऱ्यांचं वर्षाचं प्रमाण आपल्याकडं दर दहा लाख लोकसंख्येमागं एकाहूनही कमी आहे. पण वाचणाऱ्याच्या मनात त्यातून उमटतं ते एवढंच : कुणीच करत नाही, मग मीच का करू? लाज वाटायची तर माणसाला आपण चारचौघांत उघडे पडलो असं वाटावं लागतं. तुम्ही तर त्याला सांगताय की बाबा, तू अगदी सगळ्यांसारखाच आहेस.

मन वळवण्याच्या शास्त्रात ज्यांचं नाव पहिल्यांदा घेतात त्या रॉबर्ट चाल्डिनी यांनी हे अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात करून पाहिलं. तिथं दगड झालेल्या प्राचीन लाकडाचं एक राष्ट्रीय उद्यान आहे आणि येणारेजाणारे त्याचे तुकडे खिशात घालून नेतात. ‘आजवर अनेकांनी इथलं लाकूड नेलं, त्यामुळं उद्यानाचं रूप बिघडलं’ अशी पाटी लावली तेव्हा खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळपास आठ टक्के चोरीला गेले. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ एवढीच साधी पाटी लावली तेव्हा दोन टक्क्यांहून कमी. पहिली पाटी लावणाऱ्याचा हेतू उत्तमच होता. तुमचाही आहे.

मग लिहायचं काय? २०१३ मध्ये ब्रिटनच्या सरकारनं हाच प्रश्न दहा लाखांहून जास्त लोकांवर तपासला. वाहनाचा कर भरून झाल्यावर किंवा लायसन्सची नोंद झाल्यावर संगणकाच्या पडद्यावर अवयवदानाचं आवाहन यायचं, आणि ते आठ निरनिराळ्या शब्दांत आळीपाळीनं दाखवलं. साध्या आवाहनाला १०० पैकी २.३ लोकांनी नोंदणी केली. सगळ्यांत पुढं गेलं ते आवाहन विचारत होतं की तुम्हाला अवयवाची गरज पडली तर तुम्ही घ्याल का, आणि घेणार असाल तर इतरांनाही मदत करा. त्याला ३.१ मिळाले. फरक किरकोळ वाटेल, पण वर्षभराच्या हिशेबात तो सुमारे ९६ हजार जादा नोंदण्यांचा निघाला. आणि सगळ्यांत मागं पडलं कोण? हसऱ्या माणसांच्या घोळक्याचा फोटो लावलेलं आवाहन. ते साध्या आवाहनाच्याही मागं गेलं. म्हणून इंटरनेटवरून उतरवलेलं, दोन तळहातांमधल्या लाल हृदयाचं ते चित्र देखाव्यात लावायच्या आधी जरा विचार करा. फुकटची चित्रं खरी वाटत नाहीत.

‘घेणार असाल तर द्या’ हे माणात कुणाला शिकवायला नको. ज्याच्या रानात इर्जिक, म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेली नांगरट, झाली तो दुसऱ्याच्या इर्जिकीला बैल घेऊन हजर राहतो, नाही राहिला तर पुढच्या साली त्याच्या बांधावर कुणी फिरकत नाही. तुमचा फलक माणदेशी बोलीत याच अंगानं लिहा. आकडा टाकूच नका.

आता त्या पन्नास सह्यांबद्दल. लाउडस्पीकर चालू आहे, मित्र पाठीमागं उभा आहे, कार्यकर्ता पेन पुढं करतोय, अशा वेळी केलेली सही ही कार्यकर्त्याला टाळण्याची सही असते. माणूस शब्दाला जागतो हे खरं, पण तो शब्द त्यानं आपणहून, समजून दिला असेल तर. तुमच्याच तालुक्यात याचं उत्तम उदाहरण आहे. २०१८ च्या सत्यमेव जयते वॉटर कप या श्रमदानाच्या स्पर्धेत माणमधली टाकेवाडी राज्यात पहिली आली. त्या पंचेचाळीस दिवसांत सगळी माणसं काही भाषण ऐकून शिवारात गेली नसतील. शेजारच्या घरातली सून पाटी घेऊन निघाली, हे दारातून दिसत होतं. श्रमदान डोळ्यांना दिसतं, कोण आलं आणि कोण नाही हेही दिसतं. अवयवदानाचा अर्ज मात्र कपाटात जातो आणि शेजाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. चांगल्या गोष्टीचा संसर्ग व्हायला ती दिसावी लागते.

म्हणून यंदा पन्नास अर्जांचं लक्ष्य सोडा आणि दहा घरं धरा. त्या घरांत नवरा-बायको, आई-वडील, हाताशी आलेली मुलं यांचं एकत्र बसून बोलणं होऊ द्या. त्यांची हरकत नसेल तर मांडवात लावा : ‘आमच्या घरात बोलणं झालंय’, आणि खाली घराचं नाव. हो म्हणाले की नाही हेसुद्धा लिहू नका. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी हे रेडिओ केंद्र आहे. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणाऱ्या आपल्याच भागातल्या एखाद्या माणसाला, त्याची तयारी असेल तर, तिथं दहा मिनिटं बोलू द्या. एका माणसाची हकिगत हजारांच्या आकड्यापेक्षा खोल जाते. २००८ मध्ये चेन्नईजवळच्या एका डॉक्टर दांपत्यानं अपघातात गेलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाचे अवयव दिले आणि त्या एका बातमीनं सगळं तामिळनाडू हललं. अर्थात तिथल्या सरकारनं त्याच सुमाराला नियमांची आणि वाटपाची घडी बसवली, नाहीतर ती हळहळ महिन्याभरात विरली असती.

‘एवढा खटाटोप कशाला? स्पेनसारखा कायदा करावा : ज्यानं नको म्हणून लिहून दिलं नाही तो दाता. मी सेवानिवृत्त अधिकारी आहे. लोकांच्या मर्जीवर सोडलेली कामं होत नाहीत, हा माझा अनुभव.’ (सांगली)

तुमचा अनुभव शास्त्रालाही मान्य आहे, निदान अर्धा. २००३ मध्ये जॉन्सन आणि गोल्डस्टीन या दोघा संशोधकांनी युरोपातल्या देशांची तुलना केली. जर्मनीत ‘हो’ म्हणायला अर्ज भरावा लागायचा आणि संमती होती १२ टक्के. शेजारच्या ऑस्ट्रियात ‘नाही’ म्हणायला अर्ज भरावा लागायचा आणि संमती होती ९९.९८ टक्के. जर्मन माणूस काही ऑस्ट्रियन माणसापेक्षा इतका कंजूष नसतो. अर्ज भरायचा कंटाळा दोघांनाही सारखाच.

पण कागदावरची संमती आणि शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचलेला अवयव यांत मोठं अंतर आहे. स्पेनचा कायदा १९७९ चा. त्यानंतर दहा वर्षं तिथं फारसं काही बदललं नाही, १९८९ मध्ये प्रमाण दर दहा लाखांमागं १४ च्या आसपासच होतं. त्या वर्षी राफाएल मातेसान्स यांच्या हाताखाली राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्था उभी राहिली. तिनं रुग्णालयांत समन्वयक नेमले, तेही बहुतेक अतिदक्षता विभागातले डॉक्टर, आणि शोकात असलेल्या कुटुंबाशी कसं बोलायचं याचं रीतसर शिक्षण त्यांना दिलं. अलीकडच्या वर्षांत स्पेनचं प्रमाण ४५ च्या वर गेलं आहे. गंमत म्हणजे तिथंही घरच्यांना विचारल्याशिवाय अवयव घेत नाहीत. कायद्याचं कलम हाताशी असून ते वापरत नाहीत. मातेसान्स स्वतःच सांगत आले की यश कायद्याचं नाही, माणसं आणि व्यवस्था यांचं आहे.

आपल्याकडं तसा कायदा आणला तर काय होईल याचा मला अंदाज आहे. ‘सरकार मेल्यावर किडन्या काढून घेणार’ ही बातमी तालुक्याच्या एसटी स्टँडवर दुपारपर्यंत पोचेल आणि आज जे हो म्हणायच्या बेतात आहेत तेही लेखी नकार द्यायला रांगेत उभे राहतील.

तुमच्यासारख्या कागदोपत्री काम केलेल्या माणसाला आवडेल असा एक तपशील सांगते. आपल्या १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात जिवंतपणी दिलेल्या लेखी संमतीवर किमान दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. या कामातली मन वळवण्याची सगळ्यांत चांगली युक्ती मला त्या एका रेघेत दिसते. तिच्यामुळं अर्ज घेऊन माणसाला बायकोपुढं किंवा भावापुढं बसावंच लागतं. सप्टेंबर २०२३ पासून आधारवरून मोबाइलवरच नोंद करता येते. सोय मोठीच झाली, पण ओटीपी टाकून मोकळं झालेल्या माणसाच्या घरात ते कुणाला कळलेलं असेलच असं नाही. आणि वेळ येते तेव्हा डॉक्टर विचारतात ते घरच्यांना. ब्रिटनमधला अनुभव असा की मृताची इच्छा माहीत असली तर दहातली नऊ कुटुंबं होकार देतात, माहीत नसली तर निम्म्याच्या आसपास.

‘आमची आई ७८ वर्षांची आहे. तिनं नेत्रदान करावं असं आम्हां भावंडांना वाटतं. ती म्हणते, “डोळं काढून घेतलं तर म्होरल्या जन्मी आंधळी यीन.” तिला कसं पटवावं?’ (आटपाडी)

पहिलं म्हणजे डोळे तिचे आहेत. ती नाही म्हणाली तर विषय तिथं थांबला पाहिजे, आणि थांबेल हे तिला आधी कळलं पाहिजे. हे मी सौजन्य म्हणून सांगत नाहीये. जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये मांडलं की आपलं स्वातंत्र्य कुणी आवळतंय असं वाटलं की माणूस नेमका उलट्या दिशेला ओढ घेतो. तीन मुलं एकदम समजवायला बसली की आई आणखी घट्ट होणार. तुमच्या घरात ते कधीचं झालं असावं असा पत्रावरून संशय येतो.

विज्ञानाची पत्रिका तिच्या हातात देऊ नका. एकट्यानं, चुलीपाशी किंवा अंगणात, विचारा : आई, तुला नेमकी धास्ती कशाची? पुढच्या जन्माचं उत्तर पुष्कळदा वरवरचं असतं. खाली भीती असते ती तोंडाची. लोक दर्शनाला येतील आणि माझं तोंड कसं दिसेल? तिला सांगा की हे काम पंधरा-वीस मिनिटांचं आहे, चेहरा विद्रूप होत नाही, पापण्या मिटलेल्याच राहतात.

आणि खरंच पुढच्या जन्माचीच चिंता असेल, तर श्रीलंकेकडं पाहा. तिथं हडसन सिल्वा या डॉक्टरांनी १९६१ मध्ये नेत्रदान संस्था काढली. आपल्या आईच्या मृत्यूनंतर तिची बुबुळं त्यांनी स्वतः एका गरीब शेतकऱ्याला बसवली होती. पुनर्जन्म मानणाऱ्या समाजापुढं पुनर्जन्म खोटा आहे असं ते म्हणाले नाहीत. डोळे दान करणाऱ्या शिबी राजाची जातककथा तिथं घराघरात माहीत होती, तिच्या बाजूनंच ते बोलले. दिलेले डोळे पुण्य होऊन परत येतात, या श्रद्धेवर तो लहानसा देश कितीतरी देशांना बुबुळं पाठवू लागला. आपल्याकडं सगळे दधीचीचं नाव घेतात. मला ते या कामाला तितकंसं योग्य वाटत नाही. दधीचीनं अस्थी द्यायला प्राण सोडला, आणि ‘आधी मारतात मग काढतात’ हीच तर लोकांच्या मनातली भीती आहे. त्यापेक्षा गोंदवल्याच्या पंगतीचं नाव काढा. ब्रह्मचैतन्य महाराजांच्या गावी अन्नदानाला काय मोल आहे हे तुमच्या आईला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. आणि शक्य असेल तर हे तुम्ही बोलू नका. तिच्या वयाची, तिच्या भजनी मंडळातली, आपणहून तयार झालेली बाई बोलू दे.

‘दोन वर्षांपूर्वी धाकटा भाऊ मोटरसायकलवरून पडला. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले मेंदू मेलाय, आणि त्याच दमात अवयवांचं विचारलं. त्याची छाती हलत होती, हात गरम होता. आम्ही नाही म्हणालो. आता असले फलक बघितले की वाटतं आमच्यामुळं पाचसहा जण मेले. आमचं चुकलं का?’ (माण तालुका)

नाही. तुमच्यामुळं कुणीही मेलेलं नाही. ज्यांना अवयव हवे होते ते त्यांच्या आजारानं आजारी होते. ‘तुमच्या नकारानं जीव गेले’ ही भाषा काही प्रचारकांना प्रभावी वाटते. मला ती क्रूर वाटते, आणि तिचा उपयोगही होत नाही.

भावाचं काय झालं ते सांगते, कारण त्या दिवशी कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. बेशुद्धीत मेंदूचं खोड, म्हणजे श्वास चालवणारा भाग, काम करत असतो आणि माणूस परत येऊ शकतो. मस्तिष्कस्तंभ मृत्यूत तोच भाग कायमचा थांबलेला असतो. छाती हलते ती व्हेंटिलेटर हवा ढकलतो म्हणून. हृदयाला स्वतःची ठिणगी असते, त्यामुळं ऑक्सिजन मिळतोय तोवर ते काही काळ चालतं आणि अंग गरम राहतं. हे एका डॉक्टरनं सांगून चालत नाही. चार डॉक्टरांच्या मंडळाला तपासण्या कराव्या लागतात, बाहुलीवर उजेड टाकून, डोळ्याला स्पर्श करून, यंत्र काढल्यावर श्वास घ्यायची धडपड होते का ते पाहून. आणि या सगळ्या किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला डॉक्टर त्या चौघांत असू शकत नाही.

विचारणं हासुद्धा डॉक्टरांचा आगाऊपणा नव्हता. २०११ च्या दुरुस्तीनंतर अतिदक्षता विभागात घरच्यांना अवयवदानाचं विचारणं हे कायद्यानंच सांगितलेलं काम आहे. पण कधी विचारायचं आणि कसं, याला महत्त्व आहे. मृत्यूची बातमी आणि अवयवांची मागणी एका दमात आली की कानाला दोन्ही एकच ऐकू येतात : हे लोक याला अवयवांसाठी मेलेला म्हणतायत. आधी मृत्यू पोटात उतरू द्यायचा, प्रश्न विचारू द्यायचे, घरच्यांना हात धरून बसू द्यायचं, आणि मग वेगळ्या वेळी, वेगळ्या माणसानं, म्हणजे प्रशिक्षित समन्वयकानं, विचारायचं. अशी फारकत केली तर होकार वाढतात असं अभ्यास सांगतात. होकार वाढले नसते तरी मी हेच सांगितलं असतं.

मंडळाच्या तरुणांनी हे पत्र वाचावं म्हणून इथंच लिहिते. वर सांगितलेल्या सगळ्या युक्त्या गावात, मांडवात, घरात वापरा. अतिदक्षता विभागाच्या दारात त्यांतली एकही नको. परतफेडीची आठवण नको, ‘लवकर ठरवा, वेळ कमी आहे’ असा धाक नको, ‘बाकीचे हो म्हणतात’ हेही नको. तिथं फक्त खरी माहिती, निवांत जागा आणि ‘नाही म्हणालात तरी उपचारात, वागण्यात काही फरक पडणार नाही’ हा शब्द. त्या घडीला माणूस विचार करण्याच्या स्थितीत नसतो. अशा माणसाकडून काढून घेतलेला होकार नंतर घरात वर्षानुवर्षं कुजतो, आणि पुढच्या दहा घरांना नाही म्हणायला शिकवतो.

तुम्ही त्या दिवशी भावाची इच्छा माहीत नसताना, तीन दिवस झोप नसताना, उत्तर दिलंत. ते त्याच्या बाजूनं, त्याला जपण्यासाठी दिलेलं उत्तर होतं. रात्री झोप उडत असेल तर साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जाऊन एकदा बोला. फलक दिसला की छातीत कळ येते हे तुम्ही लिहिलंय, ते एकट्यानं वाहू नका. आणि आत्तापासून घरातल्या मोटरसायकलस्वारांच्या डोक्यावर हेल्मेट बघा.

‘नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. सासूबाई आणि नणंद म्हणतात, तूच दे, सावित्री हो. माझं रक्त जुळतं. मला दोन लहान मुलं आहेत. दीर आहे, पण त्याला कुणी विचारत नाही. मी स्वार्थी आहे का?’ (गाव लिहू नये अशी विनंती)

सावित्रीनं यमाला बोलण्यात हरवलं. स्वतःचा अवयव काढून दिल्याचं त्या कथेत कुठं नाही. पुढच्या वेळी कुणी नाव घेतलं तर हे जरूर सांगा.

तुम्ही एकट्या नाही. २०२३ मध्ये देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत ९,७८४ बायका होत्या आणि ५,६५१ पुरुष. यातल्या पुष्कळ जणींनी प्रेमानं आणि विचारपूर्वक दिला असेल. पण कमावता पुरुष आजारी पडू नये आणि बाईचं शरीर घराचंच, या दोन गृहीतांचाही तो आकडा आहे. स्तुती करून बांधून घालणं, सगळ्यांदेखत विचारणं म्हणजे नाही म्हणता येऊ नये, देव्हाऱ्यातलं नाव काढणं, ही सगळी मन वळवण्याचीच तंत्रं आहेत. पुस्तकात त्यांना भारदस्त नावं आहेत, तुमच्या स्वयंपाकघरात ती बिननावानं चालतात.

आता उपयोगाचं. कायद्याच्या दृष्टीनं भाऊ, बहीण, आई, वडील हे पत्नीइतकेच ‘जवळचे नातेवाईक’ आहेत, तेव्हा दिरालाही तपासायला सांगणं हा अपमान नाही. बाई देणारी असेल तर तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती ही घेणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या व्यक्तीकडून खात्री करून घ्यावी, असं २०१४ च्या नियमांत खास सांगितलं आहे. प्रत्यारोपण समन्वयकाला भेटा आणि ‘मला एकटीला बोलायचंय’ असं म्हणा. एवढंच वाक्य, बाकी त्यांना कळतं. टेबलावर जाईपर्यंत कधीही माघार घेता येते. एका किडनीवर बहुतेक निरोगी माणसं व्यवस्थित जगतात, तरी शस्त्रक्रियेला धोका असतो, आणि दोन लहान मुलांच्या आईनं तो तोलून पाहणं याला स्वार्थ म्हणत नाहीत. नवऱ्याचं नाव मृत दात्याच्या यादीत लागलेलं नसेल तर तेही लगेच लावून घ्या. साताऱ्या-सांगलीची यादी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडून चालते. आणि सगळं तोलून तुम्ही द्यायचं ठरवलंत, तर ते तुमचं म्हणून द्या.

‘अवयवदात्याच्या कुटुंबाला ग्रामपंचायतीनं घरपट्टी माफ करावी किंवा रोख बक्षीस द्यावं, असा ठराव मांडू का?’ (एक ग्रामपंचायत सदस्य)

रोखीचा विचारही नको. अवयवांच्या व्यवहाराला पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी दंड आहे. घरपट्टीचंही मला नको वाटतं. रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानावर लिहिताना मांडलं की दानाला पैसा चिकटला की ज्यांना मनापासून द्यायचं असतं ते मागं सरतात. गावातली कुजबुजही ऐका : ‘घरपट्टीपायी बापाचं काळीज विकलं.’ ते कुटुंब पुन्हा मान वर करणार नाही. मान मात्र द्या. तामिळनाडूनं सप्टेंबर २०२३ मध्ये अवयवदात्यांवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करायचं ठरवलं. तुमच्या ग्रामसभेत कुटुंबाची हरकत नसेल तर ठरावानं आभार माना. खर्च नारळाचा.

‘आमच्या गावात अतिदक्षता विभाग सोडाच, डॉक्टरही रात्री नसतो. इथं हे सगळं बोलून उपयोग काय?’ (म्हसवड परिसर)

सगळ्या पत्रांत हा प्रश्न सर्वांत व्यवहारी. किडनी, यकृत, हृदय हे मृत्यूनंतर द्यायचे तर मस्तिष्कस्तंभ मृत्यू रुग्णालयात, व्हेंटिलेटरवर व्हावा लागतो. असे मृत्यू एकूण मृत्यूंत फार थोडे. घरी, म्हातारपणी गेलेल्या माणसाचे हे अवयव घेता येत नाहीत. मंडळं हे सांगत नाहीत, मग अर्ज भरलेला माणूस घरीच वारतो, कुणी न्यायला येत नाही, आणि गावात ‘सगळं थोतांड’ ठरतं.

घरून देता येतात ते डोळे. वयाची अट नाही. चष्मा असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, साखर असो, चालतं. रेबीज, एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग यांत चालत नाही. जिवंतपणी अर्ज भरलेला नसला तरी घरचे देऊ शकतात. वेळ मात्र सहा तासांची, आणि आपली अंतरं पाहता फोन पहिल्या अर्ध्या तासात जायला हवा. म्हणून जवळच्या नेत्रपेढीचा नंबर आधीच काढून आशाताईंकडं आणि पोलीस पाटलांकडं देऊन ठेवा, ऐनवेळी तो शोधण्यात तास जातो. अवयवदानाच्या बाकीच्या माहितीसाठी राष्ट्रीय संस्थेचा निःशुल्क क्रमांक १८००-११-४७७० आहे. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा असतो आणि गणपती बरेचदा त्याच्याच आसपास येतात, तेव्हा पहिल्या पत्रातल्या मंडळाच्या फलकावर खालची ओळ मोकळी असेल तर हे लिहावं : डोळे मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली दोन उशा द्या, डॉक्टरचा मृत्यूचा दाखला तयार ठेवा, नेत्रपेढीला फोन करा.